मागचं पान

परीक्षेचा हंगाम जवळ आला की मी वर्गात एक वाक्य हमखास म्हणतो. गेली अठरा वर्षं म्हणत आलो आहे. "प्रश्नपत्रिका हातात पडली की आधी उलटून पाहा. मागच्या बाजूलाही प्रश्न असतात!" मुलं हसतात. दरवर्षी हसतात, आणि दरवर्षी त्यांच्यातला एखादा महाभाग मागचे वीस गुणांचे प्रश्न तसेच सोडून, वेळ संपायच्या आधी अर्धा तास, मोठ्या ऐटीत वर्गाबाहेर पडतो. अशा विद्यार्थ्यांविषयी प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिता पिता मी आजवर पुष्कळ विनोद केले आहेत. गेल्या दिवाळीपासून मात्र ते बंद केले. का केले, ते आज सांगणार आहे.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचं घर एव्हाना पाठ झालं असेल. मी, ही, माझी आई, थोरले चिरंजीव नि आमचं शेंडेफळ. या शेंडेफळाला सारं घर चिमणी म्हणतं. त्या वेळी तिचं वय सात, वजन वीस किलो, नि आवाज मात्र चिमणीचा मुळीच नव्हे! वजन मी मुद्दाम सांगितलं. त्याचं पुढे काम आहे.

तर या चिमणीचा घसा वर्षभरात सात वेळा धरला. ताप, रडारड, औषधं, शाळेला दांडी. आणि आठ दिवस बरे गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! शिवाय रात्री ती एखाद्या जाडजूड गृहस्थासारखी घोरायची, आणि घोरता घोरता तिचा श्वास क्षणभर थांबायचा. तो पुन्हा सुरू होईपर्यंत हिचा श्वास थांबलेला असायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिल्स काढून टाकू या."

पूर्वी टॉन्सिल्स फार उठल्यासुटल्या काढत असत. आता डॉक्टर मोजूनमापून काढतात. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाचपाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं तीनतीन वेळा घसा चांगलाच धरला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा एक ठोकताळा १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासापासून रूढ झालेला आहे. आमची चिमणी त्यात बरोबर बसत होती. मग मीही माझ्या स्वभावानुसार अभ्यासाला लागलो. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने, टॉन्सिल्स बोटाने सोडवून कशा उपटून काढाव्यात हे लिहून ठेवलं आहे, इथपर्यंत माझी मजल गेली. ही माहिती मी डॉक्टरांना ऐकवलीसुद्धा! त्यांनी ती सोसून घेतली.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी शस्त्रक्रिया ठरवली. माझं कॉलेज बंद, मुलीची शाळा बुडायची नाही, नि भाऊबिजेपर्यंत पोर ठणठणीत. असा आमचा सोयीस्कर हिशेब. शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. भूल उतरल्यावर चिमणीने पहिली खूण केली ती आइस्क्रीमची. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. निघताना परिचारिकेने एक कागद हातात दिला, वाचायला सांगितला, नि मी "हो, हो" म्हटलं. कागद इंग्रजीत होता. पुढच्या बाजूला औषधांच्या वेळा होत्या; त्या मी वाचल्या, आणि कागद बिलाच्या पावत्यांबरोबर फाइलीत घालून फाइल कपाटावर ठेवून दिली. विम्याच्या पैशांना लागेल म्हणून! खालच्या कोपऱ्यात पी. टी. ओ. अशी तीन अक्षरं होती.

वाचकहो, शस्त्रक्रिया झाली की आपल्याला वाटतं, झालं, सुटलो! त्या दाराबाहेरचा लाल दिवा विझला की आपल्या मनातला दिवाही विझतो. नातेवाइकांना फोन होतात, देवापुढे साखर ठेवली जाते. मग पेशंट घरी येतो नि घर आपल्या कामाला लागतं. आमच्याकडे तर दिवाळी होती. चिमणीच्या घशात पांढरट साय धरली होती, तिच्या तोंडाला वास येत होता, कान दुखत होता. हिने फोन करून विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे सगळं व्हायचंच. घशाची नि कानाची एक नस सामायिक आहे, म्हणून दुखणं घशात आणि कळ कानात." आम्ही निश्चिंत झालो.

पाचव्या दिवशी चिमणी हिंडूफिरू लागली. सहाव्या दिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, आई चकल्या तळत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. खीर, पेज नि मऊ भात खाऊन कंटाळलेलं पोर ते! आईने अर्धी चकली दह्यात बुडवून, चांगली मऊ करून तिला भरवली. मी ते पाहिलं नि हसलो. हे लक्षात ठेवा. मी हसलो होतो.

रात्री अकराच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत दिवाळीनंतरच्या एका व्याख्यानाची टिपणं काढत बसलो होतो. चिमणी आजीजवळ निजायची. आई उठून बाहेर आली.

"अरे, ही झोपेत सारखी गिळतेय. जरा येऊन बघतोस?"

"स्वप्नात चकली खात असेल," मी मान वर न करता म्हणालो. "नीज तू."

आपल्या कोटीवर मी खूश झालो. आई क्षणभर उभी राहिली नि आत गेली.

एक वाजता आतून तिची हाक आली. अशी हाक मी तिच्या तोंडून त्यापूर्वी एकदाच ऐकली होती, माझे वडील गेले त्या रात्री. चिमणी अंथरुणात उठून बसली होती, आणि तिने जे ओकून टाकलं होतं ते काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं होतं. मग पुन्हा उमासा आला, नि या वेळी जे पडलं ते लालभडक होतं.

मी काय केलं? मी पाण्याचा पेला घेऊन धावलो. ही मात्र कपाटाकडे धावली. तिने फाइल ओढली, पावत्या जमिनीवर उधळल्या, तो कागद काढला आणि उलटला.

"अहो, पाणी देऊ नका! काही देऊ नका. सगळं इथं मागं लिहिलंय!" आणि ती मोठ्याने वाचू लागली. मुलाला ताठ बसवा, मान पुढे झुकू द्या. रक्त गिळू देऊ नका, भांड्यात थुंकायला सांगा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण पुन्हा भूल द्यावी लागेल. थोडं रक्त येऊन थांबलं तरी घरी वाट पाहू नका. ताबडतोब इस्पितळात या. त्याच्याच वर आणखी एक ओळ होती. हिने तीही वाचली. मूल वारंवार गिळत असेल, विशेषतः झोपेत, तर आतून रक्त येत असण्याचा संभव असतो.

आईला इंग्रजी येत नाही. पण ही मराठीतून सांगत होती. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती चिमणीची मान धरून बसली होती.

थोरला म्हणाला, "बाबा, १०८ ला फोन करू?" महाराष्ट्रात २०१४ पासून या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे त्याला शाळेत शिकवलेलं. पण इस्पितळ दहा मिनिटांवर होतं, नि खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडी तोवर सुरूही झाली होती. थोरल्याला काकूंच्या स्वाधीन करून आम्ही निघालो. आई ऐकेना, ती नेसत्या लुगड्यानिशी गाडीत येऊन बसली. पुण्याच्या रस्त्यांवर घरोघर कंदील लागले होते, आणि मागच्या आसनावर हिच्या मांडीवर एक स्टीलचं पातेलं होतं.

इस्पितळात पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी जितकी माणसं धावताना पाहिली तितकी एरवी क्रीडांगणावरच पाहिली असतील. एकाने नाडी धरली, एकीने हाताला सुई लावली, एकाने रक्ताचा नमुना घेतला. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने मला थोडक्यात समजावलं. मुलाच्या अंगात वजनाच्या किलोमागे साधारण ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असतं. वीस किलोच्या पोरीचं सगळं मिळून दीड लिटर. दीड लिटर! आमच्याकडे सकाळी येणाऱ्या दुधाच्या अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्या. मोठ्या माणसाला जे चार-दोन पेले वाटतात, ते तिच्या दृष्टीने अर्धं घरदार. आणि मुलांचं शरीर मोठं मानी असतं, तो म्हणाला. रक्त जात असलं तरी बराच वेळ ते रक्तदाब धरून ठेवतं. नाडी तेवढी जोरात धावू लागते. मग धरून ठेवणं संपलं की सगळं एकदम ढासळतं. म्हणून मूल वरून बरं दिसतंय यावर विसंबायचं नाही. चिमणीची नाडी धावत होती.

रक्तपेढीतून बी पॉझिटिव्ह रक्ताची एक पिशवी जुळवून आणून ठेवली. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले, हे मला माहीत होतं. पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात जानेवारी १९९८ पासून बंद झालं, हेही वाचलेलं होतं. म्हणजे या शहरातल्या कुणीतरी, माझ्या मुलीचं नावही ठाऊक नसताना, एक पैसा न घेता, ऐन सणाच्या दिवसांत हात पुढे केला होता. ती पिशवी पुढे लागली नाही. पण त्या रात्री ती तिथे टांगायला तयार होती, हे मी विसरलेलो नाही. यंदा दिवाळीच्या आधी मी जाऊन रक्त देऊन आलो. त्यात पुण्य नाही. ती परतफेड आहे.

आमचे डॉक्टर पंधरा मिनिटांत येऊन पोचले. पुन्हा भूल द्यावी लागणार होती, आणि ही भूल पहिल्यापेक्षा जोखमीची. कारण पोट गिळलेल्या रक्ताने भरलेलं. ते श्वासनलिकेत उतरलं तर? कागदावर सही केली. मराठीच्या प्राध्यापकाला स्वतःचं नाव नीट लिहिता आलं नाही. ही दारापर्यंत चिमणीचा हात धरून गेली नि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

बाकावर मी आणि आई. आई काहीतरी पुटपुटत होती, रामरक्षा असावी. मला काही सुचत नव्हतं. भीती मोठी वाईट असते, वाचकहो. तिला एकटीला बसवत नाही. ती सोबतीला कुणीतरी गुन्हेगार शोधते. आणि आपण स्वतः तिथेच बसलेलो असताना ती नेहमी शेजारच्याकडे बोट दाखवते. मी म्हणालो,

"आई, तू चकली द्यायला नको होतीस."

सहा शब्द. त्यांत ना शिवी, ना अपशब्द. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. रामरक्षा थांबली. आईने आवंढा गिळला. 'आवंढा गिळणे, वाक्यात उपयोग करा,' असं मी किती उत्तरपत्रिकांत तपासलं असेल! तो वाक्प्रचार कसा दिसतो, हे मी त्या बाकावर पाहिलं.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. रक्त कुठून येत होतं ती जागा सापडली होती. ती विजेच्या उष्णतेने बंद केली होती. चिमणी सुखरूप होती. बाहेर पहाट होत होती, नि दूर कुठेतरी पहिला फटाका वाजला. घरोघर उटणी लावायची वेळ.

मी डॉक्टरांना विचारलं. आईच्या देखतच विचारलं, "तिनं काल अर्धी चकली खाल्ली होती. त्यानं झालं का?"

ते थकलेले होते, तरी बसले. म्हणाले, "सर, आपल्या गुडघ्यावर जखम झाली की खपली धरते ना? घशात पट्टी बांधता येत नाही. तिथं ती पांढरी साय हीच खपली. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती सुटते, आणि सुटताना खालची एखादी बारीक रक्तवाहिनी उघडी पडते. शंभरांतल्या दोन ते पाच जणांना असा रक्तस्राव होतो. नुसत्या पेजेवर ठेवलेल्यांनाही होतो. चकलीला दोष देता येणार नाही. उलट आम्हीच सांगतो, नेहमीचं खाऊ द्या, पाणी भरपूर पिऊ द्या; गिळतं राहिलेलं बरं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आधी काही लक्षात आलं नाही का? झोपेत गिळत वगैरे नव्हती?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी आई बोलली.

"नाही हो डॉक्टर. शांत झोपली होती पोर."

आयुष्यभर आम्हांला खरं बोलायला शिकवणारी माझी आई! डॉक्टरांना हाक आली नि ते उठून गेले. मी त्यांच्यामागे जाऊन सांगायला हवं होतं की, आजींच्या दोन तास आधीच लक्षात आलं होतं, आणि मी विनोद केला. मी गेलो नाही. ते आज इथे, या पानावर सांगतो आहे.

चिमणी पाडव्याला घरी आली. त्या संध्याकाळी मी तो कागद पुढे घेऊन बसलो. माणसं क्षमा मागतात. मराठीचा प्राध्यापक भाषांतर करतो. इस्पितळात येणाऱ्या सगळ्यांनाच काही इंग्रजी येत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंचं चांगलं मराठी करून डॉक्टरांना द्यावं, असं मनात होतं. पहिली ओळ मी लिहिली: 'रुग्ण बालकाची गिलनक्रिया वारंवार होत असल्याचे निदर्शनास आल्यास...' आणि आईला वाचून दाखवली.

"हे कुणाला कळणार रे?" आई म्हणाली. "लिही, पोर झोपेत सारखी गिळत असेल तर लगेच उठवा, दिवा लावून घशात बघा, आणि डॉक्टरला फोन करा. उगाच वाट बघू नका."

मी तसंच लिहिलं. पुढचंही तिलाच विचारून लिहिलं. दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे नि वेळेवर द्या, म्हणजे मूल पाणी पितं राहील. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. घरात उरलेलं खोकल्याचं औषध मनाने पाजू नका. त्यात कोडीन असू शकतं, आणि टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देऊ नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध-नियामकांनी २०१३ सालीच दिलेला आहे. दोन आठवडे मुलाला एकटं निजवू नका, लांबच्या गावी नेऊ नका. हे सारं मी एकाच बाजूवर बसवलं. मागची बाजू कोरी ठेवली. डॉक्टरांनी तो कागद ठेवून घेतला. एक प्रत आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.

वर्ष झालं. चिमणी आता घोरत नाही. घसा एकदाच धरला, तोही पावसात भिजल्यामुळे. त्या रात्रीचं तिला आठवतं ते एवढंच की, काकांच्या गाडीतून मध्यरात्री कंदील पाहायला मिळाले. आमच्या घरात त्या रात्रीविषयी कुणी बोलत नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आईने स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. चकलीचा दोष नव्हता, हे तिला ठाऊक आहे.

पण परवा भाजणी दळून आली, नि चिमणी चवीपुरती म्हणून घाणा पहिला काढायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिली. आईने पहिली चकली झाऱ्यावर घेतली, गार केली, तिचा तुकडा मोडला, आणि हात तसाच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. परवानगी मागावी तसं.

सहा शब्द बोलायला मला तीन सेकंद लागले असतील. ते परत घ्यायला किती दिवाळ्या लागतील, कोण जाणे. मी उठलो, आईच्या हातातला तुकडा घेतला, नि माझ्या हाताने चिमणीला भरवला. मग दुसरा मोडून आईच्या हातात दिला.

"तू दे," म्हटलं.

तिने दिला.